सर म्हणतात चला, तांडेल म्हणतो नको

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की मालवणच्या बाजूला एका छोट्या सागरी संशोधन केंद्रावर बोटी आणि डायव्हिंगची सेफ्टी मी बघतो, तर त्यावर एवढे प्रश्न आले की संपादकांनी यावेळी पानंच माझ्या अंगावर टाकली. सगळे घेता येत नाहीत, राग मानू नका.

प्रश्न : काका, मी रत्नागिरीची, मरीन बायोलॉजीत एमएससी करतेय. फील्डवर्कला गेलो तेव्हा सर म्हणाले चला, बोट चालवणारा तांडेल म्हणाला आज नको. समुद्र मस्त सपाट होता. शेवटी गेलोच आणि काही झालं नाही. अशा वेळी ऐकायचं कुणाचं?

उत्तर : तांडेलाचं. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण ते "काही झालं नाही" लिहिलंयस ना, ते मला खुपतंय. कारण पुढच्या वेळी सरांचा आवाज अजून चढणार आणि तांडेल अजून हळू बोलणार, आणि तिसऱ्या वेळी तो बोलणारच नाही.

मी स्वतः हा शहाणपणा केलाय. नोव्हेंबरातली सकाळ, जमिनीवरून येणारा मतलई वारा, पाणी तेल ओतल्यासारखं. आमचा तांडेल जेट्टीवर उभा राहून किल्ल्याच्या बाजूच्या खडपाकडे, म्हणजे पाण्यातल्या खडकांकडे, नुसता बघत होता, पाचेक मिनिटं काही बोलेना, मग म्हणाला "आज नको हा, दर्या फुगलोहा." मी मोबाईल काढून त्याला वाऱ्याचा अंदाज दाखवला, ५ नॉट. त्यावर तो म्हणाला "वाऱ्याचा काय घेवन बसलात, पाण्याकडे बघा." मी बघितलं, मला काही दिसलं नाही. तो बघत होता खडपावर फेस कधी चढतो आणि पुन्हा कधी चढतो ते. लांब कुठेतरी वादळ झालेलं असतं, तिथून निघालेल्या लाटा १२-१५ सेकंदांच्या अंतराने येत राहतात, खोल पाण्यात त्या दिसतसुद्धा नाहीत, बोट फक्त हळूच वर-खाली होते, पण उथळ खडपावर आल्या की उभ्या राहतात. आम्ही गेलो. डाइव्ह छान झाली. वर येताना एक मुलगा शिडी धरत होता तेवढ्यात बोट उचलली गेली आणि खाली येताना शिडी आणि बोटीची कड यांच्यात त्याची दोन बोटं सापडली. बोटीत बोट अडकलं म्हणून नंतर सगळे हसले, पण नख गेलं आणि टाके पडले ते त्या पोराला. चूक शंभर टक्के माझी.

तेव्हापासून आमच्या फळ्यावर लिहिलंय: दर्यावर शब्द तांडेलाचा, पाण्याखाली डाइव्ह लीडरचा, सर फक्त सॅम्पलचे मालक. हो म्हणायला सगळे लागतात, नाही म्हणायला एक पुरतो. आणि डाइव्ह करणारा कोणीही, अगदी पहिल्याच दिवशी आलेली विद्यार्थिनीसुद्धा, कुठल्याही क्षणी "मी नाही जात" म्हणू शकते, कारण द्यायचं नाही. संध्याकाळी चहाला तिला चिडवायचंही नाही, हे पाळायला सगळ्यात अवघड जातं. अमेरिकेत विद्यापीठांच्या सागरी केंद्रांवर डायव्हिंग कंट्रोल बोर्ड असतं, त्यात बहुमत स्वतः डायव्हिंग करणाऱ्या शास्त्रज्ञांचंच लागतं, म्हणजे ऑफिसात बसून कोणी "जा हो, काही होत नाही" म्हणायला नको. आपल्याकडे बोर्ड नसेल तर नसू दे, तांडेल तर आहे ना.

प्रश्न : माझी मुलगी पीएचडीसाठी सारखी पाण्यात जाते. मला एकच भीती, ती खाली असताना बोट निघून आली तर? हसू नका. (एक आई, पुणे)

उत्तर : हसत नाही ताई, असं घडलंय. जानेवारी १९९८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लोनर्गन नावाचं अमेरिकन जोडपं मागे राहिलं. बोटीवर मोजणी झाली होती, पण चुकीची झाली. दोन दिवसांनी बोटीवर त्यांची बॅग सापडली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिकडे मोजणीचे नियम कडक झाले.

मोजणी चुकते कशी ते सांगतो. डोकी मोजताना एकजण बोटीच्या मागे उलटी करत असतो, एकजण पुन्हा पाण्यात उडी मारतो, आणि मोजणारा "झाले का सगळे?" असं विचारतो, मग सगळे मिळून "झाले" म्हणतात. आमच्याकडे लाकडी फळीवर खिळे आहेत आणि प्रत्येकाचा नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला. पाण्यात जाताना बिल्ला स्वतः काढून डब्यात टाकायचा, वर आल्यावर स्वतःच्या हाताने परत लावायचा, दुसऱ्याचा लावला तर त्या दिवसाचं डायव्हिंग बंद, मग तो कितीही जिगरी दोस्त असो. फळी भरल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. आणि तांडेलाची स्वतःची वेगळी पद्धत आहे, तो जेट्टीवर काढून ठेवलेल्या चपला मोजतो, निघताना किती आणि परत आल्यावर उरल्या किती. दोन वर्षांत त्याचा आकडा एकदाही चुकला नाही, फळी एकदा चुकली होती.

निघण्याआधी सूचना वाचतात, त्या आम्ही गाऱ्हाण्यासारख्या वाचतो. लीडर म्हणतो, "५० बार हवा उरली की वर येवचा" (बार हे सिलिंडरातल्या दाबाचं माप), सगळे म्हणतात "व्हय म्हाराजा!" पाहुण्या शास्त्रज्ञांना गंमत वाटते, पण तोंडाने म्हटलेलं डोक्यात राहतं. मुलीला विचारा तिच्याकडे शिट्टी आणि फुगवायचा नारिंगी मार्कर आहे का. नसेल तर वाढदिवसाला ड्रेस नको, तो द्या.

प्रश्न : मालवणला आठवडाभर कोरल सर्व्हेला होतो, रोज दोन-तीन डाइव्ह. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह करून दुपारी गाडीने फोंडा घाटातून कोल्हापूर. रात्री कोपर आणि खांदा दुखायला लागला. सिलिंडर उचलून दुखत असेल असं वाटलं, दोन दिवसांनी थांबलं. विमान तर घेतलं नव्हतं!

उत्तर : विमान नाही घेतलंत, घाट घेतलात. दुखणं कशाचं होतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण डायव्हिंगनंतर सांधा दुखला की "सिलिंडर उचलला म्हणून" हे सगळ्यात शेवटी म्हणायचं असतं, पहिल्यांदा नाही.

होतं काय, खाली दर १० मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो आणि हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत विरघळत जातो. हळू वर आलं, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नाही, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलं, की तो बराचसा श्वासावाटे निघून जातो. बराचसा, सगळा नाही. सोडा बॉटलचं झाकण हळू उघडलं तर फेस येत नाही तसंच. घाईने उघडलं की अंगातही तसेच बुडबुडे होतात आणि सांधे दुखतात. आठवडाभर रोज डाइव्ह केली की उरलेला साठत जातो, आणि त्याच दिवशी तुम्ही समुद्रसपाटीवरून सह्याद्री चढता, कोल्हापूरच साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे दाब अजून कमी, म्हणजे झाकण अजून थोडं उघडलं. विमानासाठीचा सर्वमान्य सल्ला असा की एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि अनेक दिवस, अनेक डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबा. तो सल्ला ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, आपले घाट बरोबर त्याच्या आसपास येतात, म्हणून आम्ही घाटालाही तोच लावतो. चिपी किंवा मोपाहून उडणार असाल तर आम्ही सरळ २४ तास धरतो.

केंद्रावर शेवटचा दिवस कोरडा असतो. गियर गोड्या पाण्यात धुवायचा, डेटा भरायचा, दुपारी बांगड्याची कढी खाऊन झोपायचं. पोरांना सुरुवातीला वाटायचं की एक दिवस फुकट जातोय, आता कढीमुळे कुणी तक्रार करत नाही. आणि पुन्हा कधी असं दुखलं, मुंग्या आल्या, चक्कर आली, तर लगेच ऑक्सिजन आणि डायव्हिंग मेडिसिन समजणारा डॉक्टर, दोन दिवस वाट बघायची नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजला किनाऱ्यावर छोटं फील्ड स्टेशन काढायचंय. बजेट थोडं आहे. आधी काय घ्यावं? पाण्याखालचा कॅमेरा घ्यायचं ठरतंय.

उत्तर : कॅमेरा शेवटी. आधी ऑक्सिजन किट, आणि ते बोटीवर, ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून नाही (हे मी बघितलंय, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर). सिलिंडर एवढा हवा की लांबच्या साइटवरून किनारा आणि तिथून हॉस्पिटल गाठेपर्यंत पुरेल. किटच्या सांध्यांना तेल-ग्रीस कधीच लावायचं नाही, ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की पेट घेतं. मग व्हीएचएफ रेडिओ, कारण मोबाईलची रेंज किल्ल्याच्या पलीकडे भरवशाची नाही, मदत मागायचा चॅनेल १६ सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे, आणि कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर बोटीवर रंगाने लिहून ठेवा. रिकम्प्रेशन चेंबर (आजारी डायव्हरला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठे आहे, तिथे डायव्हर घेतात का, हे आधी फोन करून विचारा. नुसतं "हायपरबेरिक" पाटी लावलेल्या सगळ्या ठिकाणी डायव्हर घेत नाहीत.

बोटीला दुसरं छोटं इंजिन असावं. पेट्रोलचा हिशोब तिसऱ्या हिश्श्याने, एक जायला, एक यायला, एक देवाला. डायव्हर शिडीजवळ असताना इंजिन न्यूट्रल नाही, बंद. खाली डायव्हर आहे असं सांगणारा निळा-पांढरा अल्फा झेंडा लावाच, पण पॅरासेलिंगवाल्या बोटींना तो काय ते माहीत असेलच असं धरू नका, सीझनच्या सुरुवातीला जाऊन त्यांना चहा पाजून सांगून या, आम्ही दरवर्षी जातो. आणि बोटीत माणसं मोजूनच. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कुबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले, ते सगळ्या किनाऱ्याला अजून आठवतंय.

सिलिंडरात हवा भरायचा कॉम्प्रेसर घेतलात तर हवा ओढायचा पाइप कुठे उघडतो ते बघा. आमच्याकडे एकदा दोघांची डोकी दुखायला लागली, हवेला किंचित डिझेलचा वास. शोधलं तर लाइट गेली म्हणून कोणीतरी जनरेटर हलवून पाइपच्या वाऱ्याच्या बाजूला ठेवला होता. धूर आत, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आत. वास आला म्हणून कळलं, त्या वायूला स्वतःला वास नसतो.

प्रश्न : पाण्याखाली लांब टेप लावून सर्व्हे करायचा असेल तर दिवस कुठले निवडावे?

उत्तर : कालनिर्णय बघा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी, गढूळपणाही कमी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात टेप पतंगासारखी उडते. आणि समुद्रावरून येणारा खारा वारा लागायच्या आत, म्हणजे अकरा-साडेअकराला, परत.

प्रश्न : रात्री बोटीवर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज केल्या तर चालतं का?

उत्तर : सगळे झोपलेले असताना नाही. सप्टेंबर २०१९मध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला रात्री आग लागून खाली झोपलेली ३४ माणसं गेली, पहाऱ्यावर जागं कोणी नव्हतं. आमच्या बॅटऱ्या किनाऱ्यावर, दिवसा, फरशीवर चार्ज होतात.

प्रश्न : पावसाळ्यात तुम्हाला सुट्टीच ना मग?

उत्तर : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आमच्या बोटीही वर ओढलेल्या. पण तेव्हाच रेग्युलेटर सर्व्हिसिंग, सिलिंडर टेस्टिंगला पाठवणं, इंजिन उघडणं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडतो, तरी पाणी ऑक्टोबरपर्यंत गढूळच असतं. या वर्षी तांडेलाने शिडीच्या दोन्ही बाजूंना जुन्या टायरचं रबर कापून ठोकलंय, मला न विचारता.