बूस्ट आला की पेट्रोल कुठं जातं?

प्रश्न : माझे चुलते इंग्लंडात डॉक्टर होते. परत येताना त्यांनी १९८४ची एमजी मेट्रो टर्बो सोबत आणली. ते गेल्यापासून गाडी माझ्याकडं आहे. स्लोला एकदम छान चालते. पण औसा रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला, की दोन-चार सेकंद जोरात ओढते आणि मग मान टाकते. कधी कधी इंजिनातून टकटक आवाजही येतो. पाय काढला की पुन्हा नीट. मागं पीयूसीच्या वेळी मिस्त्रींनी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा पिळला होता. आता ते म्हणतात, मोठा जेट टाकू. टाकावा का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : जेटला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राला, हात लावू देऊ नका. आणि दोष सापडेपर्यंत पाय जपून ठेवा, कारण टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) इंजिनात जोर लावताना पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जळतो. टकटक ऐकू आली आहे, तेव्हा आधी चारही प्लग काढा. पांढऱ्या इन्सुलेटरवर मिरीच्या भुकटीसारखे काळे किंवा चमकदार कण दिसले, तर गाडी उभी करा आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्ही 'दोन-चार सेकंद' लिहिलंत, ते फार कामाचं आहे. मिक्श्चर नुसतं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) असतं तर गाडी बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, येताक्षणीच अडखळली असती. तुमची आधी ओढते. म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) असतं तेवढं पेट्रोल ती संपवते आणि मागून नवीन येत नाही.

या गाडीत टर्बो दाबलेली हवा एसयू कंपनीच्या एचआयएफ-४४ कार्बोरेटरमधून पुढं ढकलतो, जास्तीत जास्त साधारण ७ पीएसआय (दाबाचं माप) इतक्या दाबानं. तोच दाब फ्लोट चेंबरवरही बसतो. पेट्रोल ४ पीएसआयनं येत असेल तर ७च्या विरोधात ते आत शिरणार कसं? म्हणून पेट्रोलच्या रेग्युलेटरला (दाब ठरवणाऱ्या झडपेला) बूस्टची एक बारीक नळी असते. बूस्ट वाढला की पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढतो आणि कायम ३-४ पीएसआय वरचढ राहतो. ती नळी तडकली, रेग्युलेटरचा रबरी पडदा कडक झाला किंवा पेट्रोल ढकलणारा पंप थकला, की तुम्ही लिहिलंय तेच होतं. माझा पहिला संशय पडद्यावर आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि १९८४चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं.

तपासायला गेज असलेला सायकलचा पंप पुरतो. इंजिन थंड आणि बंद ठेवा. कार्बोरेटरकडं जाणारी पेट्रोलची नळी काढून तिच्या तोंडाला प्रेशर गेज घट्ट बसवा. पेट्रोल पंपाला थेट करंट द्या. बॅटरीचं टोक मात्र इंजिनापासून लांब जोडा, ठिणगी नको. आता रेग्युलेटरच्या बारीक नळीत सायकलच्या पंपानं ५ पीएसआय हवा भरा. पेट्रोलचा काटा ४ वरून ९ वर जाऊन तिथं टिकला पाहिजे. जागचा हललाच नाही, तर दोष सापडला. काटा चढला तरी जोरात ओढताना पंप पुरा पडतो का, हे वेगळं बघावं लागतं.

आता तो पिळलेला स्क्रू. एसयूमध्ये एकच जेट आणि एकच निमुळती सुई असते. स्लोपासून पूर्ण बूस्टपर्यंत सगळं काम तीच करते. त्यामुळं स्लो लीन केला की बूस्टमध्येही थोडं लीन होतं. जुन्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीत ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. नीट लावलेला एसयू त्यात बसतो, लीन करायची गरजच नव्हती. गरम इंजिनावर कार्बोरेटरच्या तोंडावरची पाइप काढून आतला पिस्टन मिलिमीटरभर उचला. रेस वाढून तशीच राहिली तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसू लागलं तर लीन. क्षणभर वाढून जागेवर आली की बरोबर. रिच करायला स्क्रू घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा.

इथेनॉलच्या पेट्रोलला हवेच्या मानानं जास्त इंधन लागतं, म्हणून जुनी सुई साधारण ८ टक्के लीन पडते. हे स्क्रूनं पूर्ण भरून निघत नाही, टोकाला बारीक असलेली रिच सुईच लागते. सुई पॉलिशपेपरनं घासू मात्र देऊ नका. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) बसवून पूर्ण बूस्टला मीटरवर ११.५ ते १२, म्हणजे एक भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा, दिसेल अशी सुई निवडा. मीटर पेट्रोलच्या मापात दाखवतो, त्यामुळं इथेनॉल असलं तरी आकडा हाच. १२.५च्या वर गेला की लगेच पाय काढा.

आणि मे महिन्यात लातूरच्या दुपारी तिला पूर्ण बूस्टला नेऊ नका. या गाडीला इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) नाही. बाहेर ४२ अंश असताना टर्बोतून निघणारी हवा नव्वदीच्या पुढं जाते, तेव्हा मिक्श्चर बरोबर असूनही टकटक होऊ शकते. गेजचा आकडा कळवा, सुईचं पुढं बघू.