नर्सिंगमधलं नवं संशोधन आपल्याकडच्या वॉर्डात खरंच वापरलं जातं का?

तुझा प्रश्न असा, की नर्सिंगमध्ये सध्या जे संशोधन चाललंय ते आपल्याकडच्या हॉस्पिटलांत खरंच वापरतात का, आणि नाशिकला बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला रुग्णसेवेवर प्रोजेक्ट करायचं तर विषय कोणता घ्यावा. शेवटचं वर्ष म्हणजे माझ्या भाचीपेक्षाही लहान, म्हणून सरळ अगं-तुगं करते. ब्रदर असशील तर अरे-तुरे समज.

पहिल्या भागाचं उत्तर: वापरतात, पण अर्धं. आणि अर्धं वापरलेलं कधी कधी न वापरलेल्यापेक्षा वाईट पडतं. हे मी स्वतःच्या हाताने करून बसलेय म्हणून सांगते.

आधी एक राग काढून घेते. राज्यभरातल्या नर्सिंग कॉलेजांचे प्रबंध कुठे येतात? आपल्याच गावात, दिंडोरी रोडला, म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. 1998 पासून. त्यातले किती 'एसटीपी'चे, म्हणजे ठरवून आखलेल्या शिकवणी-कार्यक्रमाचे (स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम), असतात ते तुझ्या लायब्ररीत जाऊन बघ. आधी प्रश्नावली द्यायची, मग फ्लिपचार्ट घेऊन पाऊण तास शिकवायचं, आठ दिवसांनी तीच प्रश्नावली परत द्यायची. मार्क वाढले, निष्कर्ष सिद्ध. वाढणारच ना, उत्तरं तूच सांगितलीस! त्या पाऊण तासाने एखाद्या पेशंटची तरी कूस जास्त वेळा बदलली का, हे कोणी मोजत नाही. आणि तिथून रिक्षाने वीस मिनिटांवरच्या वॉर्डात अजून पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर मारतात.

तर गोष्ट 2012ची. पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी, संपवून मी परत ड्युटीवर रुजू झाले होते. हॉस्पिटल खाजगी, नाव सांगत नाही. ऑर्थोचा वॉर्ड. दिंडोरी तालुक्यातल्या एक आजी, ओट्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलेलं. शुगर आटोक्यात येईना म्हणून ऑपरेशन लांबत चाललं होतं. एक पाय ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे वजन लावून ताणून ठेवलेला, हाडाचा सापळा झालेलं अंग, कॉयरची गादी आणि वर रेक्झिन. बेडसोर, म्हणजे पडून पडून दाबाने होणारी जखम, व्हायला अजून काय लागतं?

मुलगा नाशिकच्या शालिमार भागातून हवा भरायची रबरी रिंग घेऊन आला आणि आजींच्या माकडहाडाखाली ठेवली. मी म्हटलं, काढा. तो म्हणाला, "सिस्टर, पाचशे रुपयांची आहे, राहू द्या ना." मी समजावलं की रिंगच्या मधल्या भोकात दाब नसला तरी तिच्या कडेवर सगळं वजन येतं, गोलाकार भागातला रक्तपुरवठा दबतो आणि मधली कातडी उलट सुजते. त्याला पटलं. आमच्या इन्चार्ज सिस्टरना नाही पटलं. त्या आल्या आणि रिंग परत ठेवली. मग दुपारी बॅक केअरला स्पिरिटची बाटली घेऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, चोळ.

मी म्हटलं, लाल झालेल्या जागी चोळायचं नसतं. आधीच दबलेल्या बारीक रक्तवाहिन्या चोळल्याने आतून फाटतात, स्पिरिटने कातडी कोरडी पडते ती वेगळीच. माझ्याकडे कॉलेजातून आणलेली दोन पानांची झेरॉक्स होती, 2009 साली युरोप आणि अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळांनी मिळून काढलेल्या बेडसोरवरच्या मार्गदर्शिकेतली. ती ॲप्रनच्या खिशातच असायची. मी काढून दाखवली. पेशंटसमोर, मुलासमोर, दोन स्टुडंटसमोर. आता वाटतं, नर्सिंग स्टेशनमध्ये नेऊन दाखवायला हवी होती. तेव्हा नाही वाटलं.

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "पुस्तकातला पाठ वेगळा आणि पेशंटची पाठ वेगळी. ही पाठ मी तीस वर्षं वाचतेय." दुसऱ्या दिवशी मला मेमो. वरिष्ठांशी उद्धट वर्तन.

मी हट्टाला पेटले. माझ्या ड्युटीत रिंग बंद, चोळणं बंद, उशा लावून तीस अंशांत तिरकं झोपवणं सुरू. ट्रॅक्शनमुळे फार वळवता येत नव्हतं, पण जेवढं जमेल तेवढं. त्यांच्या ड्युटीत परत रिंग. असं चार दिवस चाललं. आजींच्या पाठीवरून दोन शिकलेल्या बायकांची खो-खो. आणि मी काय केलं होतं, तर टाचांसाठी ग्लोव्हमध्ये पाणी भरून, गाठ मारून, टाचांखाली ठेवले होते. सगळीकडे ठेवतात, तूही ठेवले असशील. मला ते फार हुशारीचं वाटायचं. रिंगला नावं ठेवणारी मी, पाण्याच्या फुग्याला मात्र एकही प्रश्न विचारला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी स्पंजिंग करताना वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, या टाचेला पाणी धरलंय." चांगल्या पायाची टाच. मोडलेला पाय ट्रॅक्शनमध्ये असला की पेशंट वर सरकायला सगळा जोर चांगल्या पायाच्या टाचेवर देतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रुपयाएवढा फोड, आत काळसर. शुगरच्या पेशंटची टाच. इन्चार्ज सिस्टर आल्या. मला वाटलं आता वॉर्डभर उद्धार होणार. त्या काही बोलल्या नाहीत. तो ग्लोव्ह दोन बोटांनी उचलला, किडनी ट्रेमध्ये टाकला आणि पुढच्या बेडकडे गेल्या. इतकी वर्षं झाली, अजून तो आवाज आठवतो. पच् असा झाला होता.

पुढे त्याच मार्गदर्शिकेच्या 2014च्या आवृत्तीत टाचेचा भाग मी पूर्ण वाचला. पाण्याने भरलेले ग्लोव्ह, सलाइनच्या पिशव्या, रिंग, टाचेखाली यातलं काहीही नको, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. टाचेच्या हाडाची जागा इतकीशी, तिच्याखाली काहीही ठेवलं तरी दाब तिथेच येतो. पोटरीखाली लांब उशी घालायची, गुडघा किंचित वाकलेला आणि टाच अधांतरी, गादीला टेकताच कामा नये. उशी फुकट असते. माझ्या दोन पानांत टाचेचं पान नव्हतं, म्हणून आजींची टाच गेली. ऑपरेशन झालं, पाय बसला, पण टाचेचं ड्रेसिंग घरी गेल्यावरही दोन महिने चाललं होतं.

आता तू म्हणशील, मग इन्चार्ज बरोबर होत्या का? नव्हत्या. चोळणं चूकच होतं, रिंगही चूक होती, आजही चूक आहे. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केली नाही.

त्या बाई रोज दोनदा प्रत्येक झोपून असलेल्या पेशंटच्या पाठीला हात लावायच्या. चोळता चोळता मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "इथे गरम लागतंय." किंवा, "इथे मऊ पडलंय." दोन दिवसांनी बरोबर तिथेच कातडी उतरायची. आपल्या पेशंटच्या सावळ्या रंगावर लाली दिसत नाही गं. पुस्तकातलं चित्र गोऱ्या पाठीचं असतं, बोट दाबलं की पांढरं होतं वगैरे. आपल्याकडे हाताच्या उलट्या बाजूने उष्णता बघायची, शेजारच्या जागेपेक्षा कडक लागते की मऊ ते बघायचं. गडद कातडीसाठी तापमान, सूज आणि कडकपणा बघा, हे त्याच मार्गदर्शिकेत आहे. माझ्या खिशात मार्गदर्शिका, त्यांच्या हातात.

काही वर्षांनी ॲक्रेडिटेशनच्या, म्हणजे दर्जाच्या मान्यतेच्या, तयारीत त्याच हॉस्पिटलात स्पिरिट-पावडर बंद झालं. मला आनंद झाला, बारीकशी पार्टी पण दिली. त्या जागी ब्रेडन स्केलचा फॉर्म आला. बेडसोरचा धोका मोजायची 1987ची मोजपट्टी आहे, सहा बाबी, 6 ते 23 गुण, 18 किंवा कमी आले की धोका. चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण आमच्या वॉर्डात बहुतेकांचा स्कोअर 19 यायला लागला. का, ते वॉर्डात काम केलेल्याला सांगावं लागणार नाही. 18 आला की पोझिशन चार्ट, म्हणजे कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता, लागतो. आणि पोझिशन चार्ट पहाटे पाचला चहा पिता पिता एका बैठकीत भरला जातो, दहा उजवी, बारा डावी, दोन सरळ. फॉर्म पूर्ण, पाठीला हात कोणाचाच नाही. स्पिरिटबरोबर बघणंही गेलं. त्या हिवाळ्यात महिन्याभरात दोन पेशंटना माकडहाडावर जखमा झाल्या, दोन्ही माझ्या वॉर्डात. पूर्वी असं कधी झालं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पण सापडायचं लवकर.

तेव्हा संशोधन वापरतात का, याचं उत्तर असं: 'हे करू नका' तेवढं येतं. त्या जागी काय करायचं आणि कोणी करायचं, ते पोहोचत नाही.

दोन तासांनी कूस बदलण्याचंच बघ. 2013 साली अमेरिका आणि कॅनडाच्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये 942 जणांवर अभ्यास झाला, दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलून. जखमांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. हे आमच्या एका सुपरवायझरने ऐकलं आणि लगेच म्हणाली, चला, चार तासांनी करा, स्टाफ वाचेल. मी विचारलं, गादी कोणती होती? तिथे प्रत्येकाला दाट फोमची चांगली गादी होती. आपल्याकडे कॉयर, त्यावर रेक्झिन, त्यावर मॅकिंटॉश म्हणजे रबरी कापड, त्यावर घामाने चिकटलेली ड्रॉ शीट. आपला पेशंट चार तास त्यावर ठेवून बघा मग. अभ्यास खोटा नाही, आपण फक्त त्यातला तासांचा आकडा उचलतो आणि गादी तिथेच सोडतो.

आणि माणसं. रात्री आम्ही दोघी आणि एक मावशी, पेशंट अडतीस. इन्चार्ज सिस्टर प्रत्येक वादात शेवटी हेच म्हणायच्या, "तुझं पुस्तक ठीक, करणार कोण?" मला ती पळवाट वाटायची. 2014 साली नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा युरोपातल्या नऊ देशांवरचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, चार लाखांवर सर्जरीचे पेशंट. दर नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं तर तेवढीच कमी. म्हणजे माझी पदवी आणि त्यांची 'करणार कोण', दोन्ही एकाच पेपरात. मी तो पेपर प्रिंट काढून ठेवला होता त्यांना द्यायला. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. मेमो अजून माझ्या फाइलला आहे.

तुझा विषय राहिला. एसटीपी घेऊ नकोस. एक वॉर्ड घे, झोपून असलेले दहा-पंधरा पेशंट घे, आणि चार्टवर किती वेळा कूस बदलल्याची नोंद आहे आणि प्रत्यक्षात किती वेळा बदलली ते स्वतः बसून मोज. किंवा टाचा मोज: किती अधांतरी, किती गादीवर, किती ग्लोव्हवर. नमुना छोटा आहे म्हणून व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बोलणी बसतील, बसू दे. वॉर्डाचं आणि सिस्टरांचं नाव रिपोर्टात येऊ देऊ नकोस, कोणाला मेमो मिळेल असं काही करू नकोस. तू तिथे पकडायला गेली नाहीस. एखाद्या पेशंटची जागा गरम लागली तर मात्र मोजणं सोडून सांगायचं, प्रोजेक्ट बिघडलं तरी.

हे घरचा पेशंट सांभाळणारं कोणी वाचत असेल तर रिंग आणि एअर बेड एक समजू नका. एअर बेड काढू नका, फक्त त्याचा पंप चालू आहे का ते रोज बघा, लाइट गेली की तो बसतो. एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका. आणि कातडी फाटली, काळी पडली किंवा वास यायला लागला तर इथे उत्तरं शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

एथिक्स कमिटीच्या परवानगीला वेळ लागतो, अर्ज याच महिन्यात टाक. वॉर्डच्या इन्चार्जना आधी भेट, एकटीने, स्टेशनमध्ये, आणि निरीक्षणाला एक तरी नाइट घे.