वाचकांचे प्रश्न : इन्सुलिन मिळालं, पण पट्ट्यांचं काय?

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना मदत कशी करावी आणि कशी मिळवावी, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

आमच्या गणेश मंडळाकडे वर्गणीतले ५० हजार रुपये शिल्लक आहेत. तालुक्यातल्या गरीब मधुमेही मुलांना एका कार्यक्रमात इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर वाटायचा विचार आहे. सूचना द्याव्यात.
*— एक कार्यकर्ता, सातारा जिल्हा*

मंडळाला असं सुचलं याचाच आनंद आहे. पण वाटपाचा कार्यक्रम करू नका, आणि ग्लुकोमीटर तर अजिबात घेऊ नका.

आधी हिशेब पाहा. २५ किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण २० युनिट इन्सुलिन लागतं, म्हणजे महिन्याला ६००. साध्या इन्सुलिनच्या १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट असतात. जेवणाआधीचं आणि लांब चालणारं अशी दोन प्रकारची इन्सुलिनं लागतात, आणि उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते. त्यामुळे महिन्याला दोन बाटल्या धरा. त्यांचा खर्च तीन-साडेतीनशे रुपये. आता रक्त तपासायच्या पट्ट्या. दिवसातून चार वेळा तपासायचं तर महिन्याला १२० पट्ट्या लागतात, आणि एक पट्टी १७ रुपयांना धरली तरी २,०४० रुपये होतात. शिवाय सिरिंज, आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सीची (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी) तपासणी.

म्हणजे घराला परवडत नाहीत त्या पट्ट्या. आई-वडील इन्सुलिन कसंबसं आणतात, पट्ट्या सोडून देतात आणि डोस अंदाजाने देतात. त्यातूनच रात्री साखर घसरते किंवा मूल अतिदक्षता विभागात पोहोचतं. मीटर तर पुष्कळदा पट्ट्यांच्या खोक्याबरोबर फुकट येतं आणि त्याला त्याच कंपनीच्या पट्ट्या चालतात. वाटलेलं मीटर दोन महिन्यांत फडताळात जातं ते यामुळेच.

तुमच्या ५० हजारांत दोन मुलांच्या वर्षभराच्या पट्ट्या येतात. वीस मुलांना एकेका महिन्याचं सामान देण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे, कारण या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि उपचारात एका दिवसाचाही खंड चालत नाही. मुलं शोधायचं काम तालुक्यातल्या बालरोगतज्ज्ञांवर सोपवा, औषध दुकानात खातं उघडा आणि दर महिन्याचं बिल मंडळाने भरा. पट्ट्या एकदम घेऊन ठेवू नका. त्यांना मुदत असते आणि दमट हवेत डबी उघडी राहिली तर आकडे चुकतात.

फोटो मात्र नकोत, ही कळकळीची विनंती. स्टेजवर इन्सुलिन घेताना छापून आलेला मुलीचा फोटो पुढे तिच्या लग्नाच्या बोलणीत उकरून काढला जातो. या भीतीपोटी कित्येक घरं मदतीलाच येत नाहीत.

आमच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईंच्या आठ वर्षांच्या मुलीला मधुमेह निघाला आहे. त्यांना नेमकं कुठे पाठवू?
*— एक वाचक, पुणे*

पोट दुखणं, सारख्या उलट्या, जोराने खोल श्वास किंवा तोंडाला फळासारखा वास यांपैकी काही असेल तर आधी सरळ रुग्णालय. कागदपत्रं नंतर.

एरवी पहिला दरवाजा धर्मादाय रुग्णालयाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. खर्चासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. काउंटरवर विचारत बसू नका. तिथे ‘खाट नाही’ एवढंच ऐकू येतं. थेट वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, मुलीचं आणि आईचं आधार हे सगळं मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स असं बरोबर न्या.

ही सोय मुख्यतः भरती झाल्यावरची. घरी रोज लागणाऱ्या इन्सुलिनसाठी जिल्हा रुग्णालयात विचारा आणि संस्थांचीही मदत घ्या. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान या संस्था टाइप १ च्या मुलांसाठीच काम करतात. ‘लाइफ फॉर अ चाइल्ड’ हा २००० साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय उपक्रम अशा स्थानिक केंद्रांमार्फतच इन्सुलिन आणि पट्ट्या पुरवतो.

अर्ज अडतो तो एका क्षुल्लक गोष्टीपायी. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘डीएम’ (डायबेटिस मेलायटस, म्हणजे मधुमेह) लिहिलेलं असतं, प्रकार नसतो. डॉक्टरांकडून ‘टाइप १’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि चिठ्ठीवर प्रत्येक वेळचे युनिटही. नाव घालतानाच वयाची मर्यादा विचारून ठेवा. कॉलेजच्या वयात मदत बरेचदा थांबते आणि तेव्हा घराची तयारी नसते.

आमच्या आश्रमशाळेत एक मुलगा आहे. त्याला एका संस्थेकडून इन्सुलिनची बाटली यायची, या वेळी इन्सुलिन पेनमध्ये बसवायच्या कार्ट्रिज (इन्सुलिन भरलेल्या छोट्या नळ्या) आल्या, पेन नाही. सिरिंजने काढून दिलं तर चालेल का? शाळेत फ्रीज नाही.
*— एक शिक्षिका, पालघर जिल्हा*

नाही. कार्ट्रिजमधून सिरिंजने काढू नका, आज संस्थेला फोन करून पेन किंवा बाटली मागवा. तोवर बाटली संपली असेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून आणा. डोस चुकता कामा नये.

कारण नीट समजून घ्या. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट असतात, कार्ट्रिजमध्ये १००. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत कार्ट्रिजमधलं इन्सुलिन भरलं तर मुलाला १० नाही, २५ युनिट जातात. उलट नारिंगी सिरिंजने बाटलीतलं घेतलं तर चारच युनिट जातात. पहिल्या चुकीत मूल बेशुद्ध पडू शकतं. दुसरीत दोन-तीन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही आणि साखर चढत राहते. दान आलेल्या सामानात टोपणाचा रंग आणि लेबलावरचा आकडा दर वेळी जुळवून पाहा.

फ्रीजऐवजी माठ चालतो. मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात बाटली. वर ओलं फडकं, आणि माठ सावलीत, वारं लागेल तिथे ठेवा. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा. दमट हवेत माठ फारसा गार होत नाही, म्हणून पावसाळ्यात जादा साठा आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये ठेवा आणि एकेकच बाटली आणा. बर्फात कधीच नको. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसू शकतं, पण बाद झालेलं असतं.

मुलगा घामाघूम, थरथरणारा किंवा उगाच चिडलेला दिसला तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा पट्टीच नसेल, तर दोन-तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवून रुग्णालयात न्या. आणि ताप-उलट्यांत ‘जेवला नाही’ म्हणून इन्सुलिन बंद करू नका. आजारपणात ते बरेचदा जास्तच लागतं. किती द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून ठरवा.

मी अमेरिकेत असते. इथे माझ्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या आणि पट्ट्या उरतात. सुट्टीत येताना आणू का? की पैसे पाठवू?
*— एक वाचक, न्यू जर्सी*

पैसे पाठवा. तिथल्या बाटलीतही एका मिलीला १०० युनिट असतात, इथल्या घरात सिरिंज ४० ची. वरच्या पत्रातला धोका तुमच्या बॅगेतून इथे येईल. शिवाय प्रवासात ती किती तापली हे कुणालाच सांगता येत नाही. न उघडलेल्या, मुदतीतल्या पट्ट्या त्याच मीटरसह एखाद्या केंद्राला आधी विचारून देता येतील, एवढंच.

पैशांबाबत तुमच्या पासपोर्टवर बरंच अवलंबून आहे. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. तुम्ही अमेरिकी नागरिक झाला असाल तर ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांबाबतचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यात द्यावी लागते. संस्थेच्या रोजच्या खात्यात ती भरलीत तर अडचणीत संस्था येते. भारतात कर भरत असाल तर देणगीवरची (८०जी ची) करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर मिळत नाही.

एकरकमी मोठी देणगी देण्याऐवजी दरमहा एका मुलाचे तीन हजार, किमान तीन वर्षं, असं संस्थेला लिहून द्या. पुढच्या वर्षीचे पैसे नक्की येणार हे माहीत असलं तरच संस्था यादीतल्या पुढच्या मुलाचं नाव घालू शकते.