परसातली वेधशाळा : आधी काय घ्यावे, नंतर काय?

खगोल छायाचित्रणाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : नाशिकच्या पश्चिमेला गोवर्धन शिवारात आमचे घर आहे व मागे बरीच मोकळी जागा आहे. तेथे सरकत्या छपराची लहान वेधशाळा बांधून तेजोमेघ आणि दीर्घिका यांची छायाचित्रे घ्यावीत, अशी इच्छा आहे. खोलीसह एकूण चार लाख रुपये खर्च करता येतील. कॅननचा १८ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर कॅमेरा घरात आहे. आठ इंची आरशाची दुर्बीण मनात भरली आहे. ती घेतल्यास उरलेल्या पैशांत बाकीचे बसेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पैसे कदाचित पुरतील, पण चित्रे मनासारखी येणार नाहीत, कारण खरेदीचा क्रम उलटा होईल. डोळ्यांनी पाहण्यासाठी दुर्बीण घेताना आरशाचा व्यास सर्वांत आधी विचारात घेतात आणि ते योग्यच आहे. छायाचित्रणात मात्र पहिला मान माउंटचा, म्हणजे दुर्बीण पेलून तिला आकाशाच्या गतीने फिरवणाऱ्या यंत्राचा. आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते. पाच मिनिटांच्या एका एक्स्पोजरमध्ये ते सव्वा अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या अडीच पट सरकलेले असते, आणि तेवढ्या वेळात ताऱ्याचा ठिपका सेन्सरवर एक-दोन विकलांपलीकडे भरकटता कामा नये. हे काम दुर्बीण करत नाही, माउंट करतो. आठ इंची दुर्बिणीखाली हलका माउंट ठेवला, तर तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊन उमटतात, आणि त्यावर संगणकात कितीही संस्कार केले तरी त्या रेघा जात नाहीत.

माउंटच्या माहितीपत्रकात छापलेली वजनक्षमता बहुधा डोळ्यांनी पाहण्यासाठीची असते. छायाचित्रणासाठी तिच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश इतकेच वजन धरावे. स्काय-वॉचरच्या एचईक्यू-५ वर्गातील माउंटची छापील क्षमता तेरा-चौदा किलो आहे, म्हणजे आपल्या हिशेबी आठ-नऊ किलो. आठ इंची, १००० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण, तिच्या कड्या, कॅमेरा आणि गाइड दुर्बीण (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारण्यासाठीची लहान दुर्बीण) मिळून हे वजन सहज दहा किलोच्या वर जाते, शिवाय लांब जाड नळी वारा अंगावर घेते. त्या दुर्बिणीला २० किलो क्षमतेचा ईक्यूसिक्स-आर शोभेल, पण मग खोलीसाठी पैसे उरणार नाहीत.

दुसरा मुद्दा पिक्सेलचा आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणावे आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे; एका पिक्सेलवर आकाशातील किती विकला येतात ते कळते. आपल्या कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे ४.३ मायक्रॉनचा आहे. १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर एका पिक्सेलला ०.९ विकला येतील, तर ४२० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर २.१ विकला. वातावरणामुळे ताऱ्याचे बिंब साधारण रात्री दोन-तीन विकलांपर्यंत पसरलेलेच असते. म्हणून मोठ्या नाभीय अंतराने मिळणारा बारकावा बहुतेक रात्री कागदावरच राहतो आणि माउंटची प्रत्येक चूक मात्र दुपटीहून मोठी होऊन दिसते.

आमची शिफारस ७२ मिलिमीटर व्यासाच्या, ४२० मिलिमीटर नाभीय अंतराच्या, ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या) भिंगाच्या दुर्बिणीची आहे. हा आकार जाहिरातीत फारसा उठून दिसत नाही, हे खरे. पण आपल्या कॅमेऱ्याला तिच्यातून साधारण तीन अंश लांब व दोन अंश रुंद क्षेत्र मिळते, आणि सुमारे तीन अंशांची देवयानी दीर्घिका त्यात तिरकी सहज मावते. मृगाच्या पट्ट्यातील पूर्वेचा तारा आणि त्याच्याजवळचे अश्वमुख व ज्योत हे तेजोमेघही एकाच चौकटीत येतात. तिच्यासोबत फील्ड फ्लॅटनर (चित्र कडेपर्यंत सपाट करणारे जोडभिंग) अवश्य घ्यावा, नाहीतर कोपऱ्यांतले तारे लांबट दिसतील. विक्रेते तो दुर्बिणीच्या किमतीत धरत नाहीत आणि नवख्या ग्राहकाचा हिशेब नेमका तेथेच चुकतो.

चार लाखांची विभागणी आम्ही अशी करू : सुमारे पावणेदोन लाख माउंटसाठी, लाखभर खोली व माउंटखालचा खांब यांसाठी, आणि उरलेल्या सव्वा लाखात दुर्बीण, फ्लॅटनर, गाइडिंगचा संच, दवरोधक पट्टे आणि वीजपुरवठा. यातील बरेचसे सामान आयात होत असल्याने किमती कर आणि विनिमय दराबरोबर हलतात. ऑर्डर देण्यापूर्वी कर व वाहतुकीसह अंतिम आकडा लेखी मागावा. माउंट एखाद्या हौशी निरीक्षकाकडून वापरलेला मिळाल्यास जरूर पाहावा, मात्र दोन्ही अक्षांवर हाताने हलवून ढिलेपणा किती आहे ते तपासावे आणि मोटारी चालू करून आवाज ऐकावा.

नाशिककरांनी माउंट घेताना एक गोष्ट विसरू नये. माउंटचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो, म्हणजे तो गावाच्या अक्षांशाइतका कलता ठेवावा लागतो. आपले शहर जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि काही माउंटांचा अक्ष २० अंशांच्या खाली झुकतच नाही, म्हणजे आपण अगदी मर्यादेच्या रेषेवर येतो. १५ अंशांपर्यंत झुकणारा माउंट मिळाला तर उत्तम. इतक्या कमी कोनात प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या पायाला आदळण्याचाही संभव असतो. एकच उभा खांब असला की ती अडचण राहत नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून वीसच अंशांवर असल्याने शेजारच्या आंब्याआड किंवा बंगल्याआड गेला तरी बिघडत नाही. एनआयएनए या मोफत संगणक प्रणालीतील तीन बिंदूंची ध्रुवजुळणी (अक्ष ध्रुवाकडे रोखण्याची पद्धत) आकाशाच्या दुसऱ्या भागाची छायाचित्रे घेऊन अक्ष किती चुकला आहे ते सांगते. गाइडिंगसाठी पीएचडी-२, आणि नंतर चित्रे एकत्र करण्यासाठी सिरिल, याही मोफत आहेत. सॉफ्टवेअरवर पहिल्या वर्षी एक रुपयाही खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कॅमेराही सध्या आहे तोच चालवावा. त्याची मोठी उणीव अशी की कारखान्यात बसवलेला फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे देवयानी आणि कृत्तिका चांगल्या येतात, पण लाल तेजोमेघ फिके पडतात. तो फिल्टर जाणकाराकडून काढून घेता येतो. दुसरी उणीव उष्णतेची. सेन्सरमधील औष्णिक गळती साधारण दर सहा अंश सेल्सिअसला दुप्पट होते. जानेवारीतील बारा अंशांच्या रात्रीपेक्षा एप्रिलमधील चोवीस अंशांच्या रात्री ती चौपट असते. तेव्हा या कॅमेऱ्याचा खरा हंगाम दिवाळी ते शिवरात्र. सेन्सर थंड ठेवणारा कॅमेरा हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा खर्च आहे.

आता खोली. आठ बाय आठ फूट पुरे. लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यावर जस्ताचा पत्रा आणि खाली खोबणीची चाके असे छप्पर सातपूर किंवा अंबडचा कोणताही चांगला फॅब्रिकेटर करून देईल, फक्त त्याला काम नीट समजावून सांगावे लागते. तो गेटाच्या सवयीने रूळ घालतो आणि वादळात छप्पर उचलले जाईल याचा विचार करत नाही. चैत्र-वैशाखातला वळवाचा वारा आणि गारपीट यांची ताकद द्राक्षबागायतदारांना विचारावी. चारही कोपऱ्यांत छप्पर आतून खाली आवळून धरणारे स्क्रू हवेत, आणि पत्र्याची कड भिंतीबाहेर निदान सहा इंच यायला हवी. बाहेरून पांढरा रंग द्यावा. छप्पर सूर्यास्तालाच उघडावे, म्हणजे आतली उष्णता काळोख पडेपर्यंत निघून जाते.

छप्पर कोणत्या दिशेला सरकवावे, हे बहुतेक जण जागेच्या सोयीने ठरवतात. आपल्या बाबतीत ते पूर्वेला सरकवावे, कारण शहराचा उजेड त्याच बाजूला आहे आणि तिकडचे खालचे आकाश तसेही निरुपयोगी आहे. दक्षिणेची भिंत शक्य तितकी ठेंगणी ठेवावी. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आपल्याकडे दक्षिण क्षितिजापासून सुमारे साडेबावीस अंशांपर्यंत चढतो, आणि युरोपातील बहुतेक निरीक्षकांना जे नशिबी नाही ते उंच भिंत बांधून आपणही गमावू नये. पूर्वेला शहर असल्याचा आणखी एक परिणाम असा की वस्तू मध्यमंडळ (उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेकडे जाणारी काल्पनिक रेषा) ओलांडून पश्चिमेकडे झुकल्यावर चित्रण सुरू करणे आपल्या फायद्याचे. आकाश तिकडे काळे, आणि मध्यमंडळावर दुर्बीण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवण्याची कटकटही मध्येच येत नाही.

खांबाबद्दल कंजुषी नको. गोदाकाठच्या अनेक शिवारांत वरचा थर काळ्या मातीचा असतो. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात रोवलेला खांब दर वर्षी थोडा कलतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणावा आणि काँक्रीटचा पाया तेथून उचलावा. खोलीची फरशी व हा पाया यांत इंचभर फट ठेवून ती थर्माकोलने भरावी, म्हणजे आपण चाललो तरी दुर्बीण हलणार नाही. सहा इंचीऐवजी आठ इंची लोखंडी पाइप घेतला, तर तितक्याच जाडीच्या पत्र्यात त्याचा ताठपणा दुपटीहून जास्त होतो. किमतीतील फरक त्या मानाने किरकोळ असतो. उंची मात्र गरजेपेक्षा एक फूटही जास्त नको, कारण लांबी वाढली की लवचीकपणा तिच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. केबलसाठी जमिनीखालून दोन इंची पीव्हीसी नळी काँक्रीट ओतण्यापूर्वीच टाकून घ्यावी. नंतर फरशी फोडणे जिवावर येते.

गंगापूर धरणाच्या बाजूने हिवाळ्यात दमटपणा येतो आणि मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरते. बारा व्होल्टचे दवरोधक पट्टे दुर्बिणीला आणि गाइड दुर्बिणीला, दोन्हींना हवेत. गाइड दुर्बिणीच्या भिंगावर दव आले की सॉफ्टवेअरला तारा दिसेनासा होतो आणि उरलेली रात्र वाया जाते.

प्रश्न : मी सिडकोत राहतो. गच्ची आहे, पण चहूबाजूंनी एलईडी दिवे आहेत. फिल्टर लावून शहरातूनच तेजोमेघ टिपता येतील का, की दर वेळी बाहेर जावे? स्मार्ट दुर्बीण घेतली तर चालेल का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कशाचे चित्र घ्यायचे यावर ते अवलंबून आहे. मृगातील मोठा तेजोमेघ किंवा एकशृंगातील रोझेट यांसारखे तेजोमेघ हायड्रोजन व ऑक्सिजनच्या मोजक्या तरंगलांबींत चमकतात. तेवढाच प्रकाश आत सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर लावला तर सिडकोच्या गच्चीवरूनही चांगले काम होते. दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो, आणि एलईडीचाही तसाच. पूर्वी सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड फिल्टरने वेगळा काढता येत असे, तशी सोय आता राहिली नाही. ‘प्रकाशप्रदूषण फिल्टर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त काचांवर म्हणूनच पैसे घालू नयेत.

दीर्घिकांसाठी बाहेर जाणे हाच उपाय. आकाश एका प्रतीने (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप) काळे झाले की तितक्याच दर्जाच्या चित्राला लागणारा एकूण वेळ सुमारे अडीच पट कमी होतो. दोन प्रतींचा फरक असेल, तर पेठ-सुरगाण्याच्या बाजूला घालवलेला एक तास गच्चीवरील सहा तासांच्या बरोबरीचा ठरतो. अमावास्येच्या आसपासचा एखादा शनिवार त्यासाठी राखावा.

गच्चीवर तिपाई ठेवताना ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या कॉलमच्या डोक्यावर येईल अशी ठेवावी आणि पाण्याच्या टाकीच्या पंपापासून लांब असावी.

स्मार्ट दुर्बिणीला नाके मुरडणारे बरेच आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. सीस्टार एस-५० सारख्या यंत्रात ५० मिलिमीटरचे भिंग, २५० मिलिमीटरचे नाभीय अंतर, कॅमेरा, फिल्टर आणि दवरोधक हीटर सगळे एकत्र येते, आणि पहिल्याच रात्री चित्र मिळते. विद्यार्थ्याला ते पुष्कळ आहे. मात्र त्यातला कॅमेरा बदलता येत नाही, म्हणून पुढे वाढवत नेण्याचा विचार असेल तर तोच पैसा माउंटसाठी साठवावा.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने उपकरणे वेधशाळेतच ठेवावीत का?
— एक वाचक, दिंडोरी रस्ता

उत्तर : माउंट ठेवता येईल, दुर्बीण आणि कॅमेरा ठेवू नयेत. बंद, दमट खोलीत भिंगांवर बुरशी धरते आणि ती एकदा काचेवरील लेपात उतरली की पुसून जात नाही. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी दोन्ही वस्तू घरात आणून सिलिका जेलच्या पिशव्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि पिशव्यांचा रंग बदलला की त्या सुकवून घ्याव्यात. माउंटवर प्लॅस्टिक गुंडाळू नये, आत ओल साठते. सुती चादर टाकून खोलीत कमी वॅटचा एक दिवा सतत चालू ठेवावा. विजांचा धोका असतो, म्हणून माउंटची आणि संगणकाची प्रत्येक वायर भिंतीतून काढून ठेवावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. धनू राशीतील तेजोमेघ मध्यरात्री मध्यमंडळावर येतात ते नेमके याच महिन्यांत, त्यामुळे त्यांचे चित्रण मार्च ते मे या काळात पहाटेपूर्वी उरकून घ्यावे.