एमएमएमध्ये एखाद्या फायटरची एवढी हवा होते, ती खरी असते का?

तुम्ही विचारलंय की, कुणी तीन-चार लढती झटपट जिंकला की लगेच त्याला अजिंक्य ठरवतात, त्यावर किती विश्वास ठेवायचा? एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा खेळ; मी तो बरीच वर्षं बघतोय. माझ्या मते हवा सहसा खोटी नसते, ती अर्धवट माहितीवर उभी असते.

रोंडा राउझीचंच घ्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्य, पुढे यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या संस्थेची चॅम्पियन. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला हॉली होमसमोर उतरली, तेव्हा १२ पैकी १२ जिंकलेली. शेवटच्या तीन लढती १६, १४ आणि ३४ सेकंदांत संपवलेल्या. तिला कोण हरवणार, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण हिशोब करा, त्या तीन लढती मिळून आम्ही तिला फक्त ६४ सेकंद पाहिलं होतं! १२ पैकी ११ लढती तर पहिल्याच राउंडमध्ये आटोपलेल्या. हाती न लागणारी, अंतर राखून ठोसे मारणारी बाई समोर आली तर राउझी काय करेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

होम मुळात बॉक्सिंगची जगज्जेती. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. राउझी सरळ अंगावर धावून जायची आणि होम बाजूला सरकून डावा हात तिच्या तोंडावर बसवायची. पहिला राउंड संपला तेव्हा राउझीचं तोंड रक्ताळलेलं होतं. दुसऱ्यात तिचा ठोसा हुकला, तोल गेला, ती सावरून वळतेय तोच होमची डावी लाथ मानेवर बसली. ५९ व्या सेकंदाला सगळं संपलं. स्टेडियममध्ये ५६ हजारांवर माणसं होती.

म्हणून मी किती सेकंदांत जिंकला हे बघत नाही. मार खाल्ल्यावर, दम लागल्यावर तो कसा लढतो हे शोधतो. यूएफसीतल्याच खमझात चिमाएवनं जुलै २०२० मध्ये दहा दिवसांत दोन लढती जिंकल्या, सप्टेंबरमध्ये तिसरी १७ सेकंदांत. तेव्हा मी गप्प होतो. एप्रिल २०२२ मध्ये गिल्बर्ट बर्न्सनं त्याला तीन राउंड झोडपलं, तरी चिमाएव पंचांच्या गुणांवर जिंकला. माझा विश्वास बसला तो त्या दिवशी. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यानं मिडलवेट या वजनगटाचा चॅम्पियनचा पट्टा घेतला.

आपल्या भारताच्या अंशुल जुबली या फायटरबद्दल मात्र वाईट वाटतं. २०२३ मध्ये ‘रोड टू यूएफसी’ ही यूएफसीत प्रवेश मिळवून देणारी स्पर्धा जिंकल्यावर आपण त्याला डोक्यावर घेतलं. त्याच ऑक्टोबरमध्ये अबूधाबीत, यूएफसीत एकही विजय नसलेल्या माइक ब्रीडननं त्याला तिसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. पोरगा तोवर एकही लढत हरला नव्हता. त्याला चॅम्पियन म्हणायची घाई आपण केली होती, त्यानं नाही. आणि हरल्यावर शिव्या मात्र त्यालाच पडल्या.