प्रश्न वाचकांचे : जुन्या गाडीचा धूर

प्रश्न : अकरा वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी मी नुकतीच विकत घेतली. सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि मिनिटाभरात थांबतो. मग दिवसभर काही दिसत नाही. मेकॅनिक म्हणतात की पिस्टनच्या रिंगा (पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट बंद ठेवणाऱ्या कड्या) गेल्या आहेत आणि इंजिन खोलावे लागेल. खोलू द्यावे का?

उत्तर : इतक्यात नको. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, एवढे खरे. पण ते सिलिंडरमध्ये कोणत्या वाटेने शिरते हे नुसत्या रंगावरून कळत नाही, त्यासाठी धूर नेमका केव्हा येतो ते पाहावे लागते. तुमच्या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘सकाळी’ आणि ‘मिनिटाभर’ ही आहे, आणि ती रिंगांपेक्षा वॉल्व्ह सीलकडे बोट दाखवते. वॉल्व्हच्या दांडीवर बसणारी ही रबरी टोपणे वर्षानुवर्षे उष्णता सोसून कडक होतात. मग गाडी रात्रभर उभी असताना हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात राहिलेले ऑइल दांडीवरून थेंबाथेंबाने खाली उतरते, सकाळी इंजिन सुरू होताच ते जळते आणि संपले की धूरही संपतो. रिंगा झिजल्या असत्या, तर धूर मुख्यतः इंजिनवर जोर पडताना, म्हणजे चढ चढताना किंवा ओव्हरटेक करताना दिसला असता आणि इंजिन गरम झाले म्हणून थांबला नसता.

खात्री करण्यासाठी रहदारी नसलेला लांब उतार निवडा. गाडी गिअरमध्येच ठेवून एक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा आणि उतार संपताच पुन्हा एक्सिलरेटर दाबा. मागून दुसऱ्या गाडीत कोणीतरी लक्ष ठेवणारे असावे. पाय काढल्यावर इनटेकमधली (हवा आत येण्याच्या वाटेतली) ओढ खूप वाढते आणि ढिल्या सीलमधून ऑइल आत खेचले जाते, त्यामुळे एक्सिलरेटर दाबताक्षणी निळ्या धुराचा एक लोट येऊन गेला, तर संशय आणखी पक्का होतो.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासायला सांगा. इंजिन गरम असावे, सगळे स्पार्क प्लग काढलेले असावेत, इंधन आणि ठिणगी बंद केलेली असावी आणि थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा असावा. ही पथ्ये न पाळता घेतलेले आकडे फसवे असतात. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चांगलाच वर गेला, तर रिंगांतून गळती आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. तो जागचा हलला नाही, तर दोष वॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (हेड आणि त्याखालचे इंजिन यांच्यामधल्या पट्टीत) आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदमच खाली असतील, तर त्यांच्यामधल्या जागी हेड गॅस्केट फुटलेले असण्याची शक्यता मोठी असते.

सगळे आकडे सारखे आणि चांगले आले, तर रिंगांचा विषय तूर्त बाजूला ठेवा. पुष्कळ इंजिनांत वॉल्व्ह सील हेड न उतरवताही बदलता येतात: स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडून वॉल्व्ह वरच्या वर धरून ठेवतात, स्प्रिंग काढतात आणि जुने सील उपसून नवे बसवतात. काम किचकट आहे, पण इंजिन खोलण्याशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. मेकॅनिकला हा पर्याय माहीत नसेल, तर दुसऱ्या मेकॅनिकचा सल्ला जरूर घ्या.

या सगळ्याच्याही आधी दोन साध्या गोष्टी पाहून घ्या. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे तर नाही ना, आणि क्रँककेसमधली (इंजिनच्या खालच्या भागातली) वाफ इनटेककडे नेणारा पीसीव्ही वॉल्व्ह चिकटून तर बसलेला नाही ना? हा वॉल्व्ह तुंबला की क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि धडधाकट इंजिनही ऑइल ओढू लागते. रिंगांना दोष देण्याची घाई अनेकदा इथेच उघडी पडते.

प्रश्न : थंडीत माझ्या गाडीतून पांढरा धूर येतो. गॅस्केट गेले असे समजावे का?

उत्तर : थंडीतला पांढरा धूर बहुतेक वेळा धूर नसतोच, ती वाफ असते. १ लिटर पेट्रोल जळले की सुमारे तेवढेच पाणी तयार होते आणि सायलेन्सर थंड असेपर्यंत ते वाफेच्या रूपात दिसते. ही वाफ हातभर अंतरावर विरते आणि इंजिन गरम झाल्यावर दिसेनाशी होते. गॅस्केट फुटून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्राव) आत जळत असेल, तर मात्र धूर दाट असतो, हवेत रेंगाळतो, त्याला गोडसर वास येतो आणि गाडी पूर्ण तापल्यावरही तो येतच राहतो.

धुराकडे पाहत बसण्यापेक्षा कूलंटच्या पातळीवर लक्ष ठेवा. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवर खूण करून ठेवा आणि काही दिवसांनी तसेच थंड असताना पुन्हा पाहा. बाहेर कुठेही गळती नसताना पातळी उतरत असेल, तर ते कूलंट इंजिनच्या आत जात असण्याची शक्यता धरावी लागते. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले कूलंट दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेले असू शकते आणि झाकण सैल होताच ते उकळत अंगावर येते. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली म्हणून लगेच घाबरूही नका. रोज जेमतेम जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही जमते; डिपस्टिकवरचे ऑइलही दुधट झाले असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी मांडले आणि त्यांतला एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात असण्याचा संभव असतो. पक्का निकाल हवा असेल, तर रेडिएटरच्या तोंडाशी धरण्याची रासायनिक चाचणी असते: ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळत असेल, तर पेट्रोल इंजिनात नळीतला निळा द्राव पिवळा पडतो. तो पिवळा पडला, तर गाडी चालवणे थांबवा, कारण ऑइलमध्ये कूलंट उतरले की बेअरिंगे खराब होतात.

प्रश्न : जुनी डिझेल गाडी जोर दिल्यावर काळा धूर सोडते. इंजेक्टर बदलावेत का?

उत्तर : काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. म्हणून आधी हवेची वाट पाहावी, इंजेक्टर नंतर: एअर फिल्टर, टर्बोपासून (हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्यापासून) इंजिनपर्यंतचे पाइप आणि त्यांच्या क्लिपा, मग उघडा अडकून राहिलेला ईजीआर वॉल्व्ह (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा). पाइपला तडा गेला असेल, तर तिथे तेलकट डाग दिसतो आणि जोर देताना फुसफुस ऐकू येते. पेट्रोल गाडी काळा धूर सोडत असेल, तर कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर तपासायला विसरू नका. इंजिन तापले तरी तो ‘थंड आहे’ असेच कळवत राहिला, तर इंधन जादाच सोडले जाते.

प्रश्न : जुनी गाडी घेताना धुराची परीक्षा कशी करावी?

उत्तर : गेल्यागेल्या बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागले, तर गाडी आधीच सुरू करून ठेवलेली होती, आणि सकाळचा धूर तुम्हाला दिसणार नाही. इंजिन थंड असताना पुन्हा येतो असे सांगून निघून या. थंड गाडी दुसऱ्याला सुरू करायला लावून तुम्ही मागे उभे राहा. पाचेक मिनिटे ती जागेवर चालू ठेवून मग एक्सिलरेटर एकदा जोरात दाबायला सांगा. शेवटी इंजिन बंद करून सायलेन्सर निवल्यावर त्याच्या आत बोट फिरवा: कोरडी काजळी फारशी चिंतेची नाही, पण बोटाला काळे, चिकट ऑइल लागले, तर विक्रेत्याने काहीही सांगितले तरी कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नका.

प्रश्न : दाट ऑइल घातले की धूर थांबतो, असे ऐकतो.

उत्तर : थोडा कमी होतो, झिजलेला भाग मात्र तसाच राहतो. दाट ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत पोहोचायला वेळ लावते, त्यामुळे पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडमधलेच वापरा. दर १००० किलोमीटरला किती ऑइल टाकावे लागते, हे मात्र वहीत लिहून ठेवा. तो आकडा स्थिर आहे की वाढत चालला आहे, यावरून काम केव्हा काढायचे ते ठरवता येईल. फार काळ थांबणेही परवडत नाही, कारण जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) हळूहळू निकामी करतो.