एकच सर्व्हर दोन ग्रुपमध्ये असेल, तर अँसिबल कोणाची किंमत धरते?

अनेक सर्व्हरची मांडणी एका जागेवरून आपोआप करणाऱ्या अँसिबल या साधनाबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: एकच सर्व्हर दोन होस्ट ग्रुपमध्ये (होस्ट म्हणजे सर्व्हर) असून दोन्हीकडे एकाच व्हेरिएबलला (नाव दिलेल्या सेटिंगला) वेगळी किंमत दिली असेल, तर अँसिबल कोणती धरते, आणि अशा किमती रोलमध्ये (पुन्हा वापरता येणाऱ्या कामांच्या संचात) ठेवाव्यात की ग्रुपमध्ये. पहिल्या प्रश्नापायी एका नोकरीत मी भर बैठकीत दोषी ठरलो होतो, म्हणून त्याचेच उत्तर सविस्तर देतो.

आमचे डेटाबेस सर्व्हर ‘डीबी’ या ग्रुपमध्येही होते आणि ‘पुणे’ या ग्रुपमध्येही. बॅकअप कोणत्या मशीनवर जावा, तो पत्ता दोन्ही ग्रुपच्या फाइलींत होता. ‘पुणे’मध्ये नवा आणि ‘डीबी’मध्ये कोणीच न पुसलेला जुना. दोन वर्षे काहीही बिघडले नाही. पुढे दुसरे डेटासेंटर आले, तेव्हा नावे एकसारखी असावीत म्हणून वरिष्ठांच्या सांगण्यावरून मी ‘पुणे’च्या आधी ‘सेंटर’ हा शब्द जोडला आणि प्लेबुक (अँसिबलने करायच्या कामांची फाइल) चालवले. त्या रात्रीपासून बॅकअप जुन्या मशीनवर जाऊ लागले आणि चौथ्या दिवशी तिथली डिस्क भरली.

समान पातळीवरच्या ग्रुपांच्या किमती अँसिबल नावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने एकावर एक चढवते आणि शेवटच्या ग्रुपची किंमत टिकते. ‘पी’ हे अक्षर ‘डी’नंतर येते, ‘सी’ मात्र आधी येते. वरिष्ठांचा आग्रह असा, की इन्व्हेंटरी फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हर आणि ग्रुपांच्या यादीत, खाली लिहिलेला ग्रुप जिंकतो आणि मीच तो क्रम बिघडवला. ‘अँसिबल-इन्व्हेंटरी’ ही कमांड ‘होस्ट’ पर्यायासह चालवली, की त्या सर्व्हरच्या वाट्याला आलेली किंमत दिसते. मी ती बैठकीत चालवली, फाइलमधला क्रम उलटा करून पुन्हा चालवली, आणि किंमत तीच राहिली. अहवालात चूक तरीही माझ्याच नावावर लागली.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की एकच व्हेरिएबल दोन समांतर ग्रुपमध्ये लिहूच नये. ‘अँसिबल ग्रुप प्रायॉरिटी’ने (ग्रुपचा अग्रक्रम ठरवणाऱ्या आकड्याने) क्रम बदलता येतो, पण ती इन्व्हेंटरीतच द्यावी लागते, ‘ग्रुप व्हार्स’च्या, म्हणजे ग्रुपच्या किमतींच्या, फाइलीत दिलेली चालत नाही, आणि ज्या संघात वर्णक्रमाचा नियमच मान्य होत नाही, तिथे हा आकडा कोण वाचणार? रोलबद्दल इतकेच सांगतो, की बदलू शकणारी किंमत त्याच्या ‘डिफॉल्ट्स’मध्ये (सहज बदलता येणाऱ्या मूळ किमतींत) ठेवावी, कारण रोलच्याच ‘व्हार्स’मध्ये ठेवलेली किंमत ग्रुपलाच काय, होस्टच्या फाइलीलाही बदलता येत नाही.

वर्णक्रमाचा नियम समान पातळीपुरताच आहे. एक ग्रुप दुसऱ्याच्या पोटात असेल, तर नाव कोणतेही असले तरी आतल्याचीच किंमत टिकते. तसेच ‘ग्रुप व्हार्स’चे फोल्डर प्लेबुकशेजारी असेल, तर वरच्या कमांडला ‘प्लेबुक-डिर’ हा पर्यायही द्यावा, नाहीतर त्या फोल्डरमधल्या किमती तिच्या उत्तरात येत नाहीत.